फाइल तुमची आहे हो, वकिलाची नाही!

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त वकीलबाईंची उत्तरं

मागच्या वेळी मी मृत्युपत्रावर लिहिलं आणि मला वाटलं आता मृत्युपत्राचे प्रश्न येतील, तर आली ती सगळी पत्रं वकिलांबद्दल. कुणाची फाइल अडकलीय, कुणाचे पैसे, एकाने तर दोन पानं नुसत्या शिव्याच लिहिल्यात (त्या छापत नाही, पण बऱ्याचशा मला पटल्या). इंदूरच्या जिल्हा कोर्टात 34 वर्षं काळा कोट घातला, एप्रिल-मेच्या उन्हात सुद्धा, त्यामुळे आमच्या जमातीची बाजू मला माहीत आहे आणि तिची लबाडी पण. जमेल तेवढं सांगते.

प्रश्न : ताई नमस्कार. माझे मिस्टर तीन वर्षांपूर्वी गेले. घराच्या वाट्याचा दावा त्यांनीच लावला होता, वकीलसाहेब त्यांच्या ओळखीचे, क्रियाकर्माला पण येऊन गेले. आता फोन उचलत नाहीत, त्यांचे कारकून मुंशीजी दरवेळी म्हणतात पुढच्या पेशीला (तारखेला) या. मुलगा म्हणाला वकील बदलू, तर म्हणतात आधी 40 हजार द्या मग फाइल आणि एनओसी देतो. घराची मूळ रजिस्ट्री पण त्यांच्याचकडे आहे. पावती एकही नाही. मुलगा म्हणतो ग्राहक कोर्टात खेचू. काय करावं? – एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : वहिनी, 40 हजारांचं नंतर बघू, मला आधी दुसरीच काळजी वाटतेय. मिस्टर गेल्यावर तुमची आणि मुलांची नावं दाव्यात लावली का? कारण दावा लावणारा गेला की 90 दिवसांत वारसांना रेकॉर्डवर घ्यायचा अर्ज द्यावा लागतो, नाही दिला तर त्यांच्यापुरता दावा आपोआप संपतो, आणि तुम्ही इकडे पेशी-पेशी करत बसता. आजच मुलाला मोबाइलवर ई-कोर्ट्सचं अ‍ॅप उघडायला सांगा, 16 अक्षरी सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाकला की केसचं आत्तापर्यंतचं सगळं दिसतं. नंबर नसेल तर मिस्टरांच्या नावाने शोधा. नावं लागलेली नसतील तर घाबरून जाऊ नका, दावा पुन्हा उभा करायचा अर्ज आणि सोबत उशीर माफीचा अर्ज करता येतो, पण तीन वर्षांचा उशीर म्हणजे कारण भक्कम लागेल. आणि कारण तुमच्याकडे आहे! पक्षकार गेल्याचं कळलं की कोर्टाला कळवणं हे त्याच्या वकिलाचंच काम, दिवाणी प्रक्रियेत ऑर्डर 22 चा नियम 10-ए त्यासाठीच आहे. जो माणूस क्रियाकर्माला येऊन बसला तो माहीत नव्हतं असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

दुसरं, तुम्ही स्वतः वकालतनाम्यावर (म्हणजे वकीलपत्रावर) कधी सही केली होती का? आठवून बघा. केली नसेल तर मिस्टरांचा वकालतनामा त्यांच्याबरोबरच संपला, मग ते साहेब एनओसी कशाची विकताहेत? आणि केली असेल तरी एनओसीवाचून काही अडत नाही. नियम असा आहे की जुन्या वकिलाची संमती घ्या, आणि नाही मिळाली तर नव्या वकिलाने कोर्टाला अर्ज देऊन कारण सांगायचं आणि परवानगी घेऊन उभं राहायचं. हे प्रत्येक वकिलाला माहीत असतं, फक्त पक्षकाराला कुणी सांगत नाही.

आता फाइल. फीसाठी फाइल दाबून ठेवता येत नाही, पूर्णविराम. आणि हा निकाल आपल्या मध्य प्रदेशातल्याच भांडणावर आलाय. राज्यातल्या एका सहकारी बँकेने 1993 मध्ये आपल्या वकिलाला काढलं आणि फाइली परत मागितल्या, वकिलाने 97,100 रुपयांचं बिल पाठवलं आणि म्हणाला आधी हे द्या. बँक वकिलांवर नजर ठेवणाऱ्या बार कौन्सिलकडे गेली. राज्याच्या कौन्सिलने वर्षभरात काही केलं नाही म्हणून प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे गेलं, तिथे 18 महिने वकिली बंद आणि हजार रुपये दंड झाला. सुप्रीम कोर्टाने 2000 मध्ये सांगितलं की केसची फाइल म्हणजे दुकानातला माल नव्हे, की पैसे दिले नाहीत तर अडकवून ठेवली. वकिलाची फी राहिली असेल तर त्याने वसुलीचा दावा लावावा, फाइल मागितल्यावर दिलीच पाहिजे, नाही दिली तर गैरवर्तन. त्या वकिलाची शिक्षा मात्र कमी करून नुसती समज दिली, कारण तोपर्यंत हा कायदा स्पष्ट नव्हता. आता 25 वर्षं झाली स्पष्ट होऊन, कुणी तरी मुंशीजींना पण कळवा.

म्हणून असं करा, रजिस्टर्ड पोस्टाने एक साधं पत्र पाठवा, त्यात लिहा की अमुक केसची फाइल आणि मूळ रजिस्ट्री 15 दिवसांत परत करा. पोच जपून ठेवा. कोर्टात जे दाखल झालंय त्याच्या नकला नकल शाखेतून काढता येतात, तेवढ्यासाठी साहेबांच्या पाया पडू नका. पत्राला उत्तर नाही आलं तर तक्रार जबलपूरला, राज्य बार कौन्सिलकडे. अर्जाच्या खाली सत्यापन (वर लिहिलंय ते खरं आहे अशी सही) लागतं, जसं दाव्याला लागतं तसं, आणि कागद जोडायचे. पोस्टाने पाठवता येते, पण सुनावणीला एकदोनदा ओव्हरनाइट एक्सप्रेस पकडावी लागेल याची तयारी ठेवा. कौन्सिलला दम दिसला तर तीन वकिलांच्या अनुशासन समितीकडे पाठवतात, समिती समज देऊ शकते, सनद म्हणजे वकिलीचा परवाना काही काळ बंद करू शकते किंवा नाव कायमचं काढू शकते. एका वर्षात निकाल नाही लागला तर प्रकरण दिल्लीला जातं. निकाल नाही पटला तर 60 दिवसांत अपील. आणि एक गंमत, एकदा तक्रार गेली की मागाहून समजूत झाली, पैसे मिळाले, म्हणून ती आपोआप बंद होत नाही, समितीला वाटलं तर चालूच ठेवते. म्हणून नुसतं घाबरवायला म्हणून तक्रार टाकू नये.

ग्राहक कोर्टाचा नाद मात्र सोडायला सांगा. 2007 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटलं होतं की वकील ग्राहक कायद्यात येतात, पण 14 मे 2024 ला सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं. नुकसानभरपाई हवी तर दिवाणी दावा, तो रस्ता उघडा आहे पण लांबचा आहे. नवीन वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा कोर्टाच्याच आवारात विधिक सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बाईला तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन 15100.

आता इतकं ज्ञान देतेय तर एक कबुली पण देते. मी ज्युनियर होते तेव्हा आमच्या सीनियरच्या (नाव सांगत नाही, आता ते नाहीत) ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं, लाल फडक्यात बांधलेले बस्ते आणि किल्ली मुंशीजींच्या जानव्याला. महूकडचे एक आजोबा फाइल मागायला यायचे. मला शिकवलेलं होतं, सांग साहेब बाहेरगावी गेलेत. मी सांगितलं. साहेब आत पोहे खात होते आणि त्यांना ठसका लागला. आजोबांनी तो ठसका ऐकला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "बेटा, साहेब आले की पाणी द्या त्यांना." आणि गेले. मी ते ऑफिस पुढे सहा महिन्यांनी सोडलं, लगेच नाही सोडलं, हे पण सांगते.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला बायपासवर ट्रकने उडवलं, पाय गेला. क्लेमसाठी वकील म्हणतात एक रुपया देऊ नका, मिळेल त्यातले 30 टक्के माझे. बँकेत नवीन खातं उघडायला लावलं आणि तीन कोऱ्या चेकवर सही घेतली. हे असंच असतं का? – सुदामानगर

उत्तर : असंच चालतं. असंच असावं हे मात्र नाही. निकालावर ठरणारी फी किंवा मिळालेल्या रकमेत वाटा हे दोन्ही आपल्याकडे वकिलाला मना आहे, बार कौन्सिलच्या नियमांत सरळ लिहिलंय. अमेरिकेत चालतं म्हणून लोकांना वाटतं इकडे पण चालत असेल. 1954 मध्ये असाच वाटा ठरवणारे एक वकील सुप्रीम कोर्टापुढे आले होते, निकालात त्यांचं नाव सुद्धा छापलं नाही, नुसतं ‘मिस्टर जी’, तेवढी लाज त्या काळी राखली जायची.

मी प्रामाणिकपणे सांगते, या 30 टक्क्यांमागे एक खरी गोष्ट पण आहे, ज्याचा पाय गेलाय त्याच्याकडे आधी द्यायला पैसे नसतात आणि वकील स्वतःच्या खिशातून टाइपिंग, नकला, डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च करतो. पण त्याला उपाय आहे, फी रकमेत ठरवा, टप्प्याटप्प्याने द्यायची ठरवा, कागदावर लिहा. टक्का नको. टक्का आला की वकिलाला तुमच्या भावाचा पाय दिसत नाही, रक्कम दिसते, आणि मग विमा कंपनी लवकर तडजोड करायला आली की तो घाई करतो नाही तर उगाच ताणतो.

कोरे चेक आधी परत घ्या. नाही दिले तर बँकेत लेखी अर्ज देऊन त्या नंबरांचं पेमेंट थांबवा, पासबुक आणि चेकबुक घरी ठेवा, खात्याला तुमचाच मोबाइल नंबर जोडा. वकिलाच्या हातात पक्षकाराचे पैसे आले तर त्याने लगेच कळवायचं आणि हिशोब ठेवायचा असाही नियम आहे. हिशोब मागायला लाजू नका, भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून भांडतो आपण.

प्रश्न : हे छापताना नाव, एरिया काहीच देऊ नका प्लीज. आमच्या वकिलांनी गेल्या आठवड्यात केसलिस्टच्या मागे पेनने ‘50’ लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला, म्हणाले साहेबांना द्यावे लागतील, समोरच्याने आधीच दिलेत. फी वेगळी. अजून दिले नाहीत. जजसाहेब खरंच घेत असतील का? तक्रार केली तर केस बिघडेल?

उत्तर : देऊ नका. 

आता सविस्तर. माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात ‘साहेबांना द्यायचे’ म्हणून घेतलेले बहुतेक पैसे साहेबांपर्यंत पोचलेच नाहीत, साहेबांना त्याचा पत्ता पण नसतो. याचं गणित फार सोपं आहे. निकालात दोनच बाजू असतात, वकील काहीही न करता गप्प बसला तरी निम्म्या वेळा तुमच्या बाजूने लागणार, लागला की ‘बघा, काम झालं’, नाही लागला की ‘समोरच्याने जास्त दिले’ आणि फारच सज्जन असला तर पैसे परत. म्हणजे दोन्हीकडून त्याचाच फायदा, आणि बदनाम कोण झालं, ज्या माणसाने रात्री जागून तुमची फाइल वाचली तो. सगळे जज धुतल्या तांदळासारखे असतात असं मी म्हणत नाही, पण केसलिस्टच्या मागे 50 लिहिणारा माणूस हा त्याचा पुरावा नव्हे.

कायदा बघा. जजच्या नावावर पैसे मागणं हे वकिलाचं गैरवर्तन तर आहेच, पण सरकारी माणसावर वजन टाकतो म्हणून पैसे घेणं हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात गुन्हा पण आहे, 2018 च्या दुरुस्तीत कलम 7-ए आलं ते यासाठी. आणि त्याच दुरुस्तीने लाच देणाऱ्यालाही गुन्हेगार केलंय, सात वर्षांपर्यंत शिक्षा. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच सुटका. म्हणजे आठव्या दिवशी तुम्ही पण त्याच रांगेत! देण्याआधीच कळवून सापळ्यात मदत केली तर तुम्हाला धोका नाही. तुम्ही अजून दिलेलेच नाहीत, त्यामुळे आज तुमच्याइतकं सुरक्षित कुणी नाही. तो कागद ठेवला असेल तर फाडू नका.

आणि जजची तक्रार. इथे दोन गोष्टींची लोक खिचडी करतात. निकाल चुकला, आमचं ऐकलं नाही, साक्षीदारावर विश्वास ठेवला नाही, यावर उपाय अपील, तक्रार नव्हे. जजने पैसे मागितले, वागणूक वाईट, समोरच्याशी संबंध, ही वागणुकीची तक्रार. जिल्हा पातळीवरच्या जजवर हायकोर्टाचं नियंत्रण असतं, राज्यघटनेचं कलम 235, आणि तिथे दक्षता विभाग आहे, जबलपूरलाच. निनावी चिठ्ठी टाकली तर कचऱ्यात जाते, शपथपत्र आणि तपासता येईल असा पुरावा लागतो. हे कडक वाटतं, पण नसतं तर हरलेल्या प्रत्येकाने दुसऱ्या दिवशी तक्रार टाकली असती, आणि कुठल्याच जजने धाडसाचा निकाल दिला नसता.

हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाच्या जजचं वेगळंच. तिथे 1997 ला त्यांनी स्वतःच 16 मुद्द्यांची आचारसंहिता मान्य केली, त्यात आपल्याच कोर्टात वकिली करणाऱ्यांशी फार जवळीक ठेवू नये असं पण आहे. घरातल्या घरात चौकशीची पद्धत 1999 पासून आहे. काढून टाकायचं तर संसद, लोकसभेच्या 100 नाहीतर राज्यसभेच्या 50 खासदारांच्या सह्या, मग चौकशी समिती, मग दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. 1993 ला एका सुप्रीम कोर्ट जजचा प्रस्ताव लोकसभेत पडला कारण सत्ताधारी पक्षाने मतच दिलं नाही, 2011 ला कलकत्ता हायकोर्टाच्या जजविरुद्ध राज्यसभेने मंजूर केला तर लोकसभेत यायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. माझं स्वतःचं मत विचाराल तर ही कुलपं जरा जास्तच गंजलीत, पण तो तुमच्या केसचा विषय नाही.

केस बिघडेल का? वकील बदला, शांतपणे, कारण न सांगता. तक्रारीचं नंतर ठरवा.

प्रश्न : आमचे वकील तारखेला गेलेच नाहीत, दोनदा. निकाल एकतर्फी लागला. मला कळलं घरी वसुलीचा कागद आला तेव्हा. विचारलं तर म्हणतात त्या दिवशी हडताल होती. – एक दुकानदार, राजवाड्याजवळ

उत्तर : दादा, आज तारीख काय ते बघा आणि धावा. एकतर्फी डिक्री (म्हणजे तुमच्याविरुद्धचा तो हुकूम) उठवायच्या अर्जाला 30 दिवस असतात, समन्स नीट बजावलं नसेल तर कळल्यापासून 30. तुमच्याकडे वकील होता म्हणजे समन्स पोचलंच असणार, त्यामुळे डिक्रीच्या तारखेपासून मोजा, उलटून गेले असतील तर उशीर माफीचा अर्ज सोबत लावा. 1981 चा रफिक विरुद्ध मुन्शीलाल हा निकाल नव्या वकिलाला आठवण करून द्या, त्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की खेड्यातल्या माणसाने वकील लावला, फी दिली, आता तो वकील कोर्टात जातो की नाही यावर पहारा करत बसणं हे त्याचं काम नाही. पण हल्ली कोर्टं उलटं पण विचारतात, की बाबा तू वर्षभर स्वतः एकदा पण चौकशी केली नाहीस का? राजवाड्यावरून कोर्ट काही लांब नाही, त्यामुळे ‘मी खेड्यातला’ हे तुम्हाला चालणार नाही.

हडतालीचं सांगते. वकिलांना संपाचा हक्क नाही, सुप्रीम कोर्टाने 2002 मध्येच सांगितलंय. आपल्या राज्यात 2023 च्या मार्चमध्ये प्रत्येक कोर्टाने जुन्यातल्या जुन्या 25 केसेस संपवायच्या या योजनेवरून काम बंद झालं होतं, तेव्हा हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि कामावर या म्हणाले. मी स्वतः एकेकाळी हडतालीत चहा पीत बसलेली आहे, तेव्हा मला फार बोलायचा हक्क नाही. पण खरंच त्या दिवशी हडताल होती का हे ऑर्डरशीटवर, म्हणजे कोर्टाच्या प्रत्येक तारखेच्या नोंदीत दिसतं, नक्कल काढा. दोन्ही तारखांना हडताल? बघा हं.

बार कौन्सिलकडे जायचं तर एक लक्षात घ्या, 1963 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की नुसती चूक किंवा नुसता निष्काळजीपणा म्हणजे गैरवर्तन नव्हे, त्यात हेतूतच खोट असावी लागते. वकील आजारी होता, तारीख लिहायची राहिली, तर ती चूक. तुमची फी घेतली, गेला नाही, वर तुम्हाला सांगत राहिला की ‘चालू आहे, काळजी नको’, तर ती खोट. व्हॉट्सअ‍ॅपवर असं काही लिहून पाठवलंय का? शोधा. डिलीट करू नका.

प्रश्न : वडिलांच्या वेळी वाटणीचा मसुदा ज्या वकिलांनी करून दिला, आता तेच भावाकडून माझ्याविरुद्ध उभे आहेत. – रामबाग

उत्तर : ज्या कामात एका पक्षाला सल्ला दिला, कागद करून दिले, त्याच कामात विरुद्ध बाजूने उभं राहता येत नाही. पण मसुदा तुमच्यासाठी केला होता की फक्त वडिलांसाठी, हे आधी नीट बघा, सगळं त्यावर अडतं. तुमच्यासाठी असेल तर त्याच कोर्टात अर्ज द्या. आणि तुम्ही विश्वासाने त्यांना जे सांगितलं होतं ते त्यांना उघड करता येत नाही, नवीन साक्ष अधिनियमात ते कलम 132 आहे, काम संपल्यावर सुद्धा ते बंधन राहतं.

प्रश्न : भाच्याला यंदा सनद मिळाली. तो रोज रील टाकतो, ‘घटस्फोट हवाय? मला डीएम करा’. शिवाय टिफिनचा धंदा पण चालू ठेवायचा म्हणतो. मामा म्हणून काय सांगू? – विजयनगर

उत्तर : मामा, टिफिन आधी. वकिलाला स्वतः धंदा चालवता येत नाही, नुसते पैसे गुंतवून शांत भागीदार राहता येतं, तेही वकिलीला न शोभणारा धंदा नसेल तर. टिफिन मामीच्या नावावर करा आणि भाच्याला डबे पोचवायला पाठवू नका. रील बंद. जाहिरात करून काम मागणं मना आहे, 2008 पासून वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, सनद कधीची, शिक्षण आणि कुठल्या प्रकारचं काम करतो एवढं टाकता येतं, त्यात ‘डीएम करा’ बसत नाही. कायदा समजावून सांगणारं रील आणि गिऱ्हाईक बोलावणारं रील यातली रेघ बारीक आहे, पण घटस्फोटवालं रेघेच्या कुठल्या बाजूला आहे ते त्यालाही माहीत असेल.

पाटी पण बेताची लावायला सांगा, बार असोसिएशनचा अमुक पदाधिकारी वगैरे त्यावर लिहायचं नसतं. माझी पाटी पितळेची होती, एक फुटाची. अजून आहे, आमच्या गॅलरीत, मिरच्या वाळत घातल्या की वाऱ्याने कपडा उडू नये म्हणून वर ठेवते.